प्रिंटर पलीकडच्या खोलीत होता: एका ऑनलाइन प्रशिक्षण खरेदीचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण पॅथॉलॉजी लॅबच्या एका साखळीतलं आहे. ओळख पटू नये म्हणून सेंटर्सची संख्या, रकमा आणि टक्केवारी दिलेली नाही. घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय मात्र जसे घडले तसेच ठेवले आहेत. त्या काळात प्रशिक्षण विभाग माझ्याकडे होता, त्यामुळे यातल्या काही चुका माझ्याच आहेत.

पार्श्वभूमी

एक मध्यवर्ती लॅब आणि तिला जोडलेली बरीच कलेक्शन सेंटर्स. सेंटरवर फ्लेबोटोमिस्ट रक्त घेतात, ट्यूबवर बारकोडचं लेबल लागतं आणि सॅम्पल खोक्यातून लॅबला जातं. तिथे रिसीव्हिंग काउंटरवर ते तपासतात. लेबल नसेल, रक्त कमी भरलं असेल, गोठलं असेल किंवा हेमोलाइज झालं असेल, म्हणजे लाल पेशी फुटल्या असतील, तर सॅम्पल रिजेक्ट होतं. मग पेशंटला फोन करून परत बोलवायचं आणि परत सुई टोचायची. ज्यांना हा फोन करावा लागतो त्यांना विचारा, त्यांच्या दृष्टीने हे नोकरीतलं सगळ्यात नकोसं काम.

प्रशिक्षणासाठी आमच्याकडे एक जुनं एलएमएस, म्हणजे ऑनलाइन कोर्सेस चालवणारं सॉफ्टवेअर, होतं आणि त्यावर ‘सॅम्पल कलेक्शन’ नावाचं चाळीस मिनिटांचं मॉड्यूल. स्लाइड वाचायची, ‘पुढे’ दाबायचं, शेवटी दहा प्रश्न. वर्षातून एकदा सगळ्यांनी ते पूर्ण करायचं. कंप्लिशन रिपोर्ट कायम हिरवागार असे आणि ऑडिटच्या फाइलमध्ये तो छान दिसे.

अडचण

दोन तिमाहींत रिजेक्शन वाढत गेलं. त्यातच एका पेशंटच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर आणि कॅल्शियम फारच कमी दिसलं. डॉक्टरांनी पेशंटला धावत बोलावलं आणि परत तपासलं, तर दोन्ही ठीक होतं. पहिल्या सॅम्पलमध्ये जांभळ्या ट्यूबमधलं ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन, मिसळलं होतं. त्या ट्यूबमधला पोटॅशियमचा क्षार पोटॅशियम वाढवून दाखवतो आणि ईडीटीए कॅल्शियमला बांधून ठेवतं. कुणीतरी जांभळ्या ट्यूबमधलं थोडं रक्त सीरमच्या ट्यूबमध्ये ओतलं असणार. शिकाऊ माणसालाही ठाऊक असलेली चूक.

ही गोष्ट संचालकांपर्यंत गेली. त्याच सुमारास ते एका तंत्रज्ञान प्रदर्शनाला जाऊन आले होते. आल्या आल्या त्यांनी दोन व्हेंडरना सादरीकरणासाठी बोलावलं.

दोन सादरीकरणं

पहिला व्हेंडर व्हर्च्युअल रिॲलिटीचा. हेडसेट डोक्याला लावायचा, हातात कंट्रोलर धरायचा आणि आभासी पेशंटच्या आभासी हातातून रक्त काढायचं. दुसरा मोबाइल ॲपवाला. रोज दोन मिनिटांचे प्रश्न, गुण, बॅज, लीडरबोर्ड आणि एआयने बोलणारी एक हसतमुख प्रशिक्षिका. दोघांचंही म्हणणं एकच होतं की करार तीन वर्षांचा हवा, आणि तिमाही संपायच्या आत सही झाली तर मोठी सूट.

ॲपवाल्यांच्या तिसऱ्याच स्लाइडवर गोल्डफिश होता. माणसाचं लक्ष म्हणे आता आठ सेकंदांवर आलंय, माशापेक्षाही कमी. हा आकडा २०१५ साली मायक्रोसॉफ्टच्या कॅनडा शाखेच्या अहवालामुळे जगभर पसरला. अहवालात तो आकडेवारी गोळा करणाऱ्या एका संकेतस्थळावरून घेतलेला होता, आणि त्यामागचं मूळ संशोधन शोधायला निघालेल्या पत्रकारांच्या हाती काही लागलं नाही. पुढच्या स्लाइडवर ओळखीचा त्रिकोण आला: वाचलेलं दहा टक्के लक्षात राहतं, केलेलं नव्वद टक्के. एडगर डेल या शिक्षणतज्ज्ञाने १९४६ मध्ये अनुभवांचा जो शंकू मांडला, त्यात हे टक्के नव्हतेच. ते पुढे कुणीतरी चिकटवले. आमच्या क्षेत्रात हा त्रिकोण दाखवला नाही असं सादरीकरण मी फार कमी पाहिलंय.

संचालकांनी माझं मत विचारलं. मी म्हणाले, “नव्याचे नऊ दिवस, सर.”

बैठकीत हशा पिकला. तो मला महागात पडला.

माझी शंका कुठून आली होती

ती हवेतून आली नव्हती. आधीच्या नोकरीत मी फ्लॅश या ब्राउझरमध्ये ॲनिमेशन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेल्या कोर्सेसचं एक मोठं कपाट सांभाळत होते. जुलै २०१७ मध्ये ॲडोबीने जाहीर केलं की २०२० अखेर फ्लॅश बंद होणार. साडेतीन वर्षांची मुदत होती, तरी आम्ही शेवटच्या सहा महिन्यांत धावपळ केली. १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरमध्ये काही चालेनासं झालं, तेव्हा आमच्या निम्म्या कोर्सेसचं नुसतं नाव उरलं होतं. मूळ फाइल्स ज्या कंत्राटदाराकडे होत्या, त्याचा फोन लागत नव्हता. दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून पितात, तशी मी त्यानंतर प्रत्येक नव्या प्लॅटफॉर्मकडे बघायला लागले.

शिवाय या धंद्याचा इतिहासच असा आहे. १९१३ मध्ये एडिसनने सांगितलं होतं की पुस्तकं लवकरच शाळांतून हद्दपार होतील, चलच्चित्रं त्यांची जागा घेतील आणि दहा वर्षांत शाळा ओळखू येणार नाहीत. २००६-०७ च्या सुमारास मोठमोठ्या कंपन्यांनी सेकंड लाइफच्या आभासी जगात कार्यालयं थाटली. २०१२ तर ‘मूकचं वर्ष’ म्हणूनच ओळखलं गेलं; मूक म्हणजे कुणालाही घेता येणारे मोठे ऑनलाइन कोर्सेस. पुढच्याच वर्षी असे कोर्सेस देणाऱ्या युडॅसिटी कंपनीच्या संस्थापकाने आपलं उत्पादन निकृष्ट असल्याचं कबूल केलं, आणि कंपनीने तोंड वळवलं ते नेमकं नोकरदारांच्या प्रशिक्षणाकडे. त्याच २०१२ मध्ये गार्टनर या बाजार-संशोधन कंपनीने भाकीत केलं की तेव्हाच्या गेमिफाइड, म्हणजे गुण-बॅजसारखे खेळाचे घटक लावलेल्या, ॲप्लिकेशन्सपैकी ८० टक्के २०१४ पर्यंत आपलं उद्दिष्ट गाठणार नाहीत, आणि कारण असेल सदोष रचना. हेही भाकीतच होतं. पण मी ते बैठकांमध्ये पुरावा असल्यासारखं फेकत असे.

खरं बळ मला रिचर्ड क्लार्क या शिक्षण-संशोधकाच्या १९८३ च्या मांडणीतून मिळे. त्याचं म्हणणं असं की माध्यम हे शिकवण्याची वस्तू पोचवणारं वाहन आहे. किराणा आणणाऱ्या ट्रकमुळे आपलं पोषण बदलत नाही, तसं माध्यमामुळे शिकणं बदलत नाही. यावर रॉबर्ट कोझमा या दुसऱ्या संशोधकाने पुढे हरकत घेतली की काही माध्यमांत काही गोष्टी मुळात शक्य होतात, ज्या दुसऱ्यात होत नाहीत. तो वाद अजून मिटलेला नाही. मी मात्र त्याची एकच बाजू सोयीने पाठ केली होती.

निर्णयाचा पहिला क्षण

बैठकीनंतर संचालकांनी मला थांबवून घेतलं. आवाज न चढवता म्हणाले, “तुम्हाला दर वेळी नवीन काही नकोच असतं. ठीक आहे. मग तुमच्याकडे काय आहे?”

माझ्याकडे ते चाळीस मिनिटांचं मॉड्यूल होतं. जवळजवळ शंभर टक्के पूर्ण झालेलं, आणि रिजेक्शन वाढत असताना पूर्ण झालेलं. मी नव्याला विरोध करत होते, पण जुनं चालतंय याचाही पुरावा माझ्यापाशी नव्हता. व्हेंडरकडे निदान स्लाइड्स तरी होत्या.

मी दोन आठवडे मागितले. “नको म्हणायला नाही, नेमकं काय बिघडलंय ते सांगायला,” असं म्हणाले. हे वाक्य मी बैठकीत म्हणायला हवं होतं. संचालकांनी मुदत दिली, पण व्हेंडरना ‘नाही’ कळवायचं नाही या अटीवर.

दोन आठवड्यांत काय दिसलं

सुरुवात रिजेक्शनच्या नोंदींपासून केली. सॉफ्टवेअरमध्ये कारणासाठी कोड होते आणि त्यांत सगळ्यात जास्त वापरला गेलेला कोड होता ‘इतर’. काउंटरवरच्या माणसाला एका मिनिटात कितीतरी ट्यूब तपासायच्या असतात. यादीत खाली जाऊन नेमका कोड शोधण्यापेक्षा ‘इतर’ हाताशी असतो. मग त्याच्याच शेजारी बसून आम्ही एका महिन्याच्या नोंदी हाताने पुन्हा लावल्या. शेऱ्यांवरून, फोटोंवरून आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्या स्मरणावरून.

ज्या ईडीटीए प्रकरणावरून एवढा गदारोळ झाला होता, तशी उदाहरणं अगदी थोडी निघाली. सगळ्यात मोठा ढीग होता लेबलचा: लेबल नाही, दुसऱ्याच पेशंटचं लेबल, किंवा एकावर एक दोन लेबलं. त्यानंतर निळी ट्यूब कमी भरलेली. मग हेमोलिसिस. बाकी किरकोळ.

मग मी सेंटरवर गेले. सकाळी फास्टिंगवाल्यांची रांग असते तेव्हाच गेले, कारण दुपारी सगळी सेंटर्स आदर्श असतात.

नियम असा आहे की रक्त काढून झाल्यावर, पेशंटसमोरच, त्याला नाव आणि आणखी एक ओळख विचारून ट्यूबवर लेबल लावायचं. प्रत्यक्षात लेबल प्रिंटर नोंदणीच्या टेबलावर होता आणि ते टेबल पलीकडच्या खोलीत. नोंदणीवाला एकदम आठ-दहा पेशंटची लेबलं छापायचा, ट्यूबना चिकटवून ट्रे आत पाठवायचा. रांगेतला कुणी मध्येच स्वच्छतागृहात गेला, किंवा दोघांची आडनावं सारखी निघाली, की ट्रे चुकलाच.

तिथल्या सगळ्यात अनुभवी फ्लेबोटोमिस्टला सगळे ताई म्हणतात. मी विचारलं, “ताई, लेबल कधी लावायचं?”

“काढून झाल्यावर, पेशंटसमोर, दोन ओळखी विचारून,” त्या एका दमात म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून हसल्या. “मॅडम, तुमचं मॉड्यूल मला तोंडपाठ आहे. पण प्रिंटर तिकडे, पेशंट इकडे. सुई काढून कापूस धरायला सांगू आणि मी तिकडे धावू का?”

आणखी काही सेंटर्सवर हाच प्रश्न तोंडी विचारला. जवळजवळ सगळ्यांची उत्तरं बरोबर आली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी आमची गत होती. फरक एवढाच की बंब हेडसेटचा घ्यायचा की ॲपचा, यावर आम्ही भांडत होतो.

निळ्या ट्यूबची गोष्ट मात्र वेगळी निघाली. रक्त गोठण्याच्या तपासण्यांसाठी तिच्यात रक्त गोठू न देणारं सायट्रेट असतं आणि नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण राखावं लागतं. रक्त कमी पडलं तर सायट्रेट जास्त होतं आणि रक्त गोठायला लागणारा वेळ खोटाच लांबलेला दिसतो. बटरफ्लाय नीडल वापरली की तिच्या नळीतली हवा पहिल्या ट्यूबमध्ये जाते, तेवढं रक्त कमी भरतं. म्हणून निळी ट्यूब पहिली असेल तर आधी एक टाकाऊ ट्यूब लावून नळी भरून घ्यायची. हे फार थोड्यांना माहीत होतं. बरेच जण म्हणाले, “त्या लॉटच्या ट्यूबमध्ये व्हॅक्यूमच कमी येतो.” इथे माहितीची खरी उणीव होती. आमच्या मॉड्यूलमध्ये हा मुद्दा एकतिसाव्या स्लाइडवर, एका ओळीत होता.

हेमोलिसिस हा तिसराच प्रकार. स्पिरिट वाळायच्या आत सुई टोचणं, सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढणं, मग सुईतूनच रक्त ट्यूबमध्ये दाबून सोडणं. करणाऱ्याला यातलं बरंचसं चूक आहे हे माहीत असतं, पण हाताला सवय दुसरी असते.

एकाच ‘प्रशिक्षणाची गरज’ या शीर्षकाखाली तीन वेगळी दुखणी निघाली: एक खोलीच्या रचनेचं, एक माहितीचं, एक हाताच्या सवयीचं.

पर्याय

तीन वर्षांचा करार करणं हा एक. संचालकांचा कल तिकडे होता आणि त्यांची बाजू पोकळ नव्हती. आमचं एलएमएस नोंदणीच्या संगणकावरच चालायचं, म्हणजे शिकायचं तर रांग थांबवून. फोन मात्र प्रत्येकाच्या खिशात होता. हे मला दिसत असूनही मी कधी मोजलं नव्हतं.

दुसरा पर्याय, काहीही विकत न घेता प्रिंटर हलवायचे आणि निळ्या ट्यूबबद्दल एक कार्ड लावायचं. माझा कल इकडे. स्वस्त, सोपा, आणि मला बरोबर ठरवणारा. शेवटचं कारण मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नसतं.

तिसरा, व्हेंडरशी छोटा पायलट. त्यासाठी मी चार अटी लिहिल्या. तीनच महिने. यश रिजेक्शनच्या आकड्यावर मोजायचं, ॲप किती वेळा उघडलं यावर नाही. सगळा डेटा आम्हाला मिळायला हवा. प्रश्न आमचे पॅथॉलॉजिस्ट तपासणार.

व्हीआरवाल्यांनी तीन महिन्यांना नकार दिला. त्यांचं यश म्हणजे ‘एंगेजमेंट’ आणि ‘आत्मविश्वास’, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. त्यांचा हा नकार येण्याआधी आम्ही ताईंना हेडसेट लावून बघायला सांगितला होता. दोन मिनिटांत त्यांनी तो काढला. “छान आहे. पण यातली शीर सरकत नाही,” म्हणाल्या. शीर बोटाखाली चाचपणं, ती निसटणं, सुई आत गेल्यावर हाताला जाणवणारा तो बारीक झटका, यातलं काहीच कंट्रोलरमध्ये नव्हतं. २०१९ मध्ये मक्रान्स्की, टर्किल्डसन आणि मेयर यांनी विज्ञान-प्रयोगशाळेच्या एका सिम्युलेशनवर अभ्यास केला होता. तेच सिम्युलेशन हेडसेटमधून करणाऱ्या विद्यार्थ्यांना आपण तिथेच असल्याचं जास्त वाटलं, पण साध्या पडद्यावर करणाऱ्यांपेक्षा ते कमी शिकले. म्हणून व्हीआर टाकाऊ ठरत नाही. आग लागली तर काय करायचं, उंचावर काम कसं करायचं, असले प्रसंग जिथे खरे करून दाखवता येत नाहीत तिथे त्याला जागा आहे. आमच्याकडे मात्र खरे हात आणि सरावाचे रबरी हात, दोन्ही उपलब्ध होते.

ॲपवाल्यांनी बरीच कुरकुर करून अटी मान्य केल्या.

काय केलं

काही सेंटर्सवर फक्त ॲप दिलं. काहींवर ॲप नाही, पण रक्त घ्यायच्या खुर्चीजवळ छोटा लेबल प्रिंटर, ट्यूबच्या रॅकवर बटरफ्लायबद्दलचं कार्ड, आणि आठवड्यातून एकदा अनुभवी सहकाऱ्याने शेजारी उभं राहून दहा सॅम्पल बघायची. काहींवर दोन्ही. उरलेली होती तशीच.

ॲपमधले प्रश्न दिवसांच्या अंतराने परत येत, आणि हा भाग मला मनापासून पटत होता. एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा आलेख काढला, तेव्हापासून अंतराने केलेल्या उजळणीचा फायदा पुन्हा पुन्हा दिसलाय. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी दाखवलं की पाच मिनिटांनंतर विचारलं तर उतारा परत परत वाचणारे पुढे असतात. आठवड्यानंतर मात्र ज्यांनी स्वतःची परीक्षा घेतली ते पुढे जातात. गंमत म्हणजे ॲपच्या जाहिरातीत ही गोष्ट कुठेच नव्हती. जाहिरात सगळी बॅजची आणि बोलणाऱ्या बाईची.

तिसऱ्या आठवड्यात लीडरबोर्डने रंग दाखवला. एका सेंटरचा गट सतत अव्वल. चौकशी केली तर एकाने प्रश्नांचे स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे आणि बाकीच्यांनी उत्तरं बघून भरायची, अशी शिस्तबद्ध व्यवस्था. माझी सहकारी म्हणाली, “निदान बोलतायत तरी त्याबद्दल.” तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण आम्ही लीडरबोर्ड बंद केला. व्हेंडरने बजावलं की वापर घसरेल. घसरला, थोडासा.

पाचव्या आठवड्यात आमच्या तुलनेचंच गणित बिघडलं. ‘होती तशीच’ ठेवलेल्या दोन सेंटर्सच्या इनचार्जनी दुसरीकडे प्रिंटर हलल्याचं ऐकलं आणि आपले प्रिंटरही उचलून आत नेले. कुणाला विचारलं नाही. त्यांना रागवायचं तरी कशासाठी?

निकाल

लेबलच्या चुका जिथे प्रिंटर खुर्चीजवळ आला तिथे झपाट्याने कमी झाल्या, त्या दोन बंडखोर सेंटर्सवरही. जिथे नुसतं ॲप होतं तिथे लेबलच्या चुका जशाच्या तशा राहिल्या, जरी लेबलच्या प्रश्नांना सगळ्यांचे पैकीच्या पैकी गुण होते. संचालकांसमोर मी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले आणि या वेळी एकही म्हण वापरली नाही.

निळ्या ट्यूबवर कार्ड आणि ॲप दोन्ही चालले. इथे मला अपेक्षित नव्हतं ते दिसलं. ज्या सेंटर्सवर नवी माणसं जास्त होती, तिथे ॲपचा परिणाम कार्डापेक्षा जास्त टिकला. कार्ड आठवडाभरात भिंतीचा भाग होऊन जातं. प्रश्न मात्र दर काही दिवसांनी फोनवर येऊन टोकतो. ज्या ॲपला मी फॅड म्हणून हसले होते, त्याने नव्या माणसांसाठी माझ्या कार्डापेक्षा चांगलं काम केलं.

हेमोलिसिस फक्त शेजारी उभं राहून बघितल्याने घटलं. बघणं थांबल्यावर महिन्याभरात ते पुन्हा वर सरकलं. यावर आमच्याकडे आजही स्वस्त उत्तर नाही.

शेवटी व्हीआर घेतलं नाही. ॲपचा करार एकाच वर्षाचा केला, आणि फक्त नव्या माणसांच्या पहिल्या नव्वद दिवसांसाठी. लीडरबोर्ड बंद, बोलणारी बाई बंद. तिला काढून टाकल्याची तक्रार एकानेही केली नाही. वाचलेल्या पैशांतून सगळ्या सेंटर्सवर छोटे प्रिंटर आले. चाळीस मिनिटांचं मॉड्यूल मोडून त्याचे सहा छोटे तुकडे केले. ऑडिटरने विचारलं, “जुनं मॉड्यूल कुठे गेलं?” त्याला समजावण्यात एक दुपार गेली.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली चूक ती बैठकीतली. माझं निदान चुकलं नव्हतं, पण तोपर्यंत मी निदान केलंच नव्हतं. व्हेंडरने गोल्डफिश दाखवला, मी म्हण फेकली. दोघांचाही पुरावा सारख्याच वजनाचा होता. त्याऐवजी तिथेच विचारायला हवं होतं की रिजेक्शनची मुख्य कारणं कोणती आणि त्यातलं कुठलं कारण हे साधन दूर करेल. मग दोन आठवडे मागावे लागले नसते, संचालकांनीच दिले असते.

दुसरी, पायलटसाठी सेंटर्स निवडताना आम्ही ‘कोण तयार आहे?’ असं विचारलं. उत्साही इनचार्ज पुढे आले. त्यांची सेंटर्स एरवीही बरी चालतात. चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर निकालावर जास्त भरवसा ठेवता आला असता. आधीचा काळही आम्ही एकाच महिन्याचा धरला, तोही कुणाच्या तरी आठवणीवर रचलेला. पायलटच्या आधी दोन महिने ‘इतर’ हा कोडच काढून टाकायला हवा होता. एका दिवसाचं काम होतं ते.

डेटाची अट मी लिहिली होती, पण तो कुठल्या स्वरूपात हवा हे लिहायला विसरले. तीन महिन्यांनी डेटा आला तो पीडीएफमध्ये. फ्लॅशने पोळलेल्या बाईकडून ही चूक व्हावी याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि मोजमापाबद्दल एक. आमच्या जुन्या मॉड्यूलच्या शेवटी ‘प्रशिक्षण कसं वाटलं?’ असा पाच चांदण्यांचा प्रश्न होता आणि वर्षानुवर्षं मी त्याची सरासरी अहवालात टाकत आले. डोनाल्ड कर्कपॅट्रिकने १९५९ मध्येच चार पायऱ्या वेगळ्या केल्या होत्या: आवडलं का, शिकले का, कामात बदल झाला का, परिणाम दिसला का. पहिली पायरी मोजून चौथीचं समाधान मानायचं हे मी व्हेंडरच्या कितीतरी आधीपासून करत होते. एंगेजमेंटवरून त्यांना टोचून बोलताना ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

त्यानंतर

करार संपायला दोन महिने असताना ॲपवाले परत आले, या वेळी एआयने आपोआप प्रश्न तयार करणारी सोय घेऊन. मी हसले नाही. आमच्या एसओपीच्या, म्हणजे कामाच्या लेखी कार्यपद्धतींच्या, फाइल्स देऊन पन्नास प्रश्न करून घेतले आणि पॅथॉलॉजिस्टकडे पाठवले. बरेचसे प्रश्न चांगले होते, माझ्यापेक्षा सुटसुटीत. एका प्रश्नात मात्र ट्यूब भरण्याच्या क्रमात जांभळी ट्यूब सीरमच्या आधी टाकली होती, आणि ‘बरोबर उत्तर’ म्हणूनच. म्हणजे ज्या चुकीवरून हे सगळं प्रकरण सुरू झालं तिच्याकडेच नेणारी वाट. भाषा इतकी सफाईदार होती की मी स्वतः पहिल्या वाचनात तिथून पुढे गेले होते. सोय घेतली, पण पॅथॉलॉजिस्टच्या सहीशिवाय प्रश्न पुढे जात नाही अशी अट घालून. त्यांच्याकडे वेळ नसतो, त्यामुळे सध्या बावीस प्रश्न रांगेत अडकलेत.

‘इतर’ हा कोड आम्ही काढला होता. मागच्या सॉफ्टवेअर अपडेटनंतर तो यादीत परत आलाय, आणि या वेळी सगळ्यात वर.

आणि घरी जाऊन सॅम्पल घेणाऱ्यांचा प्रश्न तर आम्ही या सगळ्यात हाताळलाच नव्हता. त्यांच्याकडे प्रिंटरच नसतो. लेबलं सकाळी निघताना छापून बॅगेत ठेवतात. परवा ताईंनी तेच विचारलं, “मॅडम, त्या पोरांचा प्रिंटर कुठल्या खोलीत आहे?”